वैद्यकीय इच्छापत्र

वैद्यकीय इच्छापत्र हा सज्ञान व सुदृढ मनाच्या व्यक्तीने शुद्धीत असताना करून ठेवलेला लेखी दस्तऐवज आहे. आजार बरा होण्याची आशा उरली नाही आणि स्वतः निर्णय घेण्याची क्षमताही गेली, तर कोणते उपचार करावेत, कोणते सुरू करू नयेत आणि कोणते थांबवावेत, हे त्यात नमूद केलेले असते. त्याला लिव्हिंग विल किंवा अग्रिम वैद्यकीय निर्देश असेही म्हणतात. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने त्यास कायदेशीर मान्यता मिळाली. मृत्युपत्र मृत्यूनंतरच अंमलात येते, तर वैद्यकीय इच्छापत्र व्यक्ती जिवंत असतानाच लागू होते.

पार्श्वभूमी

मुंबईतील केईएम रुग्णालयाच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच प्राणघातक हल्ला झाला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या पुढील चार दशके अचेतनप्राय अवस्थेत होत्या. पत्रकार पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निर्णय दिला. शानबाग यांचे पोषण थांबवण्यास न्यायालयाने परवानगी नाकारली, कारण त्यांची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा त्यास विरोध होता. तथापि, उच्च न्यायालयाच्या मान्यतेने निष्क्रिय दयामरणाला अनुमती देता येईल, असे तत्त्व याच निकालात मांडले गेले. शानबाग यांचे १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने निधन झाले. त्यांची स्वतःची इच्छा काय होती, हे सांगणारा कोणताही लेख उपलब्ध नव्हता.

‘कॉमन कॉज’ या संस्थेने २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१८ मध्ये निकाल दिला. सन्मानाने मरण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे पीठाने म्हटले. मात्र प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आणि अन्य अटींमुळे ही पद्धत व्यवहारात अवघड ठरली. म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सुलभ केली.

दस्तऐवज करण्याची पद्धत

इच्छापत्र लेखी, स्वेच्छेने व दबावाविना केलेले असावे लागते. त्यावर दोन साक्षीदारांसमोर स्वाक्षरी करावी लागते आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन घ्यावे लागते. रुग्ण निर्णय घेण्यास असमर्थ झाल्यास त्याच्या वतीने संमती देणाऱ्या एक वा अधिक व्यक्तींची नावे त्यात लिहावी लागतात. दस्तऐवजाची प्रत या व्यक्तींकडे आणि कौटुंबिक डॉक्टर असल्यास त्यांच्याकडे दिली जाते. आणखी एक प्रत महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे ठेवली जाते. या अधिकाऱ्याला अभिरक्षक किंवा कस्टोडियन म्हणतात.

मजकूर संदिग्ध असल्यास इच्छापत्र अंमलात येत नाही. ‘मला त्रास देऊ नका’ अशा मोघम वाक्यापेक्षा व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीद्वारे पोषण, हृदयक्रिया बंद पडल्यावर छातीवर दाब देऊन ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न, अशा उपचारांचा स्वतंत्र उल्लेख उपयुक्त ठरतो. निर्णयक्षमता शाबूत असेपर्यंत इच्छापत्र लेखी स्वरूपात केव्हाही बदलता किंवा रद्द करता येते. एकाहून अधिक इच्छापत्रे असल्यास सर्वांत शेवटचे ग्राह्य धरले जाते.

अंमलबजावणी

इच्छापत्र दाखवताच उपचार थांबवले जात नाहीत. उपचार करणारे डॉक्टर प्रथम दस्तऐवजाचा खरेपणा पडताळतात. त्यानंतर हे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन विषयतज्ज्ञ यांचे प्राथमिक वैद्यकीय मंडळ रुग्णाची स्थिती तपासते. या मंडळाने अनुकूल मत दिल्यास दुय्यम मंडळ त्याची फेरतपासणी करते. दुय्यम मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि दोन अन्य तज्ज्ञ असतात. दोन्ही मंडळांनी शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत मत द्यावे, अशी अपेक्षा आहे. इच्छापत्रात नाव असलेल्या व्यक्तींची संमती घेऊन आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून रुग्णालय निर्णय अंमलात आणते. दुय्यम मंडळाने नकार दिल्यास उच्च न्यायालयात दाद मागता येते. इच्छापत्र नसलेल्या रुग्णाबाबतही जवळच्या नातलगांच्या संमतीने याच टप्प्यांतून जाता येते. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवून आणणे, म्हणजेच सक्रिय दयामरण, भारतात बेकायदेशीर आहे.

महाराष्ट्र व गोवा

२०२३ च्या निकालानंतरही अनेक ठिकाणी प्रत स्वीकारणारा अधिकारी नेमलेला नव्हता. मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी याविषयी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्यानंतर राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये अभिरक्षक नेमण्यात आले. गोव्यात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवले. त्या राज्यातील हे पहिले इच्छापत्र होते.

अखेरच्या काळात उपचार नाकारण्याची कल्पना मराठी समाजाला अपरिचित नाही. विनोबा भावे यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार आश्रमात अन्न व औषध नाकारून देह ठेवला. मात्र असे प्रायोपवेशन हा शुद्धीत असलेल्या व्यक्तीचा स्वतः आचरलेला निर्णय असतो. वैद्यकीय इच्छापत्र हे बोलण्याची शक्ती गेल्यावर इतरांनी काय करावे, यासाठी असते.

कुटुंबाची भूमिका

वृद्ध आई-वडिलांच्या बाबतीत अतिदक्षता विभागातील निर्णय बहुधा मुलांवर येतो. एक मुलगा व्हेंटिलेटर काढू नये म्हणतो, मुलगी आईचे हाल थांबवा म्हणते आणि परदेशातील भावंड आपण पोहोचेपर्यंत थांबा असे कळवते. प्रत्येकाचा हेतू चांगला असला तरी आई-वडिलांना काय हवे होते, हे कोणालाच ठाऊक नसते. खर्च पेलेनासा झाल्यावर काही कुटुंबे ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ रुग्णाला घरी नेतात. अशा वेळी वेदनाशमनाची सोयही नसल्यास रुग्णाचे हाल वाढतात. लेखी इच्छापत्र असल्यास मुलांकडे आई-वडिलांनी आधीच घेतलेला निर्णय पाळण्याचे काम उरते. त्यासाठी नियुक्त व्यक्तीला आणि सर्व अपत्यांना त्यातील मजकूर आधीपासून माहीत असणे आवश्यक असते. कपाटात बंद असलेले इच्छापत्र वेळेवर सापडत नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला आजार वाढल्यावर ते करताही येत नाही.

कृत्रिम जीवनाधार नाकारणे म्हणजे शुश्रूषा नाकारणे नव्हे. वेदना, धाप व अस्वस्थता कमी करणारे परिहारक उपचार अखेरपर्यंत चालू राहतात. मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झालेले शांती अवेदना सदन हे भारतातील अशा सेवेचे पहिले निवासी केंद्र मानले जाते.

आर्थिक दस्तऐवजांशी संबंध

वैद्यकीय इच्छापत्राने पैशांचे व्यवहार करण्याचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी दिलेले मुखत्यारपत्र भारतीय करार कायद्यानुसार देणाऱ्याच्या मृत्यूने, तसेच त्याची मानसिक क्षमता गेल्यास संपुष्टात येते. त्यामुळे वडील कोमात गेल्यावर त्यांच्या एकट्याच्या नावावरील ठेव त्यांच्याच उपचारासाठी मोडतानाही अडचण येते आणि उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागू शकतो. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात व्यक्ती’ या पद्धतीच्या संयुक्त बचत खात्यामुळे ही अडचण काही अंशी टळते.

नामनिर्देशनाविषयीही गैरसमज आढळतो. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, पण केवळ त्यामुळे तिची मालक होत नाही. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले. मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, मात्र त्याची नोंदणी सक्तीची नाही. मुलांच्या नावे हयातीतच बक्षीसपत्र केल्यास मालमत्ता तत्काळ हस्तांतरित होते. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळवता येते. म्हणून ही अट दस्तऐवजात स्पष्ट लिहिणे महत्त्वाचे ठरते.

मर्यादा

वैद्यकीय इच्छापत्राविषयी संसदेने स्वतंत्र कायदा केलेला नाही. प्रचलित व्यवस्था न्यायालयीन मार्गदर्शक तत्त्वांवर आधारलेली आहे. दोन मंडळे नेमण्याइतके तज्ज्ञ लहान शहरांत व ग्रामीण भागात सहज मिळत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही ‘आगाऊ निर्देश’ आहेत, परंतु ते मानसिक आजारावरील उपचारांपुरते असून वैद्यकीय इच्छापत्राहून भिन्न आहेत.

हे सुद्धा पहा

दयामरण
मृत्युपत्र
परिहारक उपचार
अरुणा शानबाग