दोन लेस ब्राउन

यूट्यूबवर ‘लेस ब्राउन’ शोधलं की आधी भेटतात ते अमेरिकेतले प्रेरणादायी वक्ते. मायामीतले, जुळ्यांपैकी एक, मॅमी ब्राउन यांनी दत्तक घेतलेले. शाळेने मतिमंद ठरवलेला हा मुलगा पुढे ओहायोच्या विधानसभेत पोचला! पूर्ण नाव लेस्ली.

जाझप्रेमींचे लेस ब्राउन (१९१२–२००१) वेगळे. हे लेस्टर, ‘बँड ऑफ रिनाउन’चे प्रमुख. डोरिस डे यांनी त्यांच्या बँडबरोबर गायलेलं ‘सेंटिमेंटल जर्नी’ १९४५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. महायुद्ध संपत होतं, घरी परतणाऱ्या सैनिकांनी ते आपलंसं केलं. वक्ते लेस जन्मले तेही त्याच वर्षी! विनोदवीर बॉब होप यांच्याबरोबर हा बँड कित्येक दशकं वाजत राहिला. गाणं जरूर ऐका, डोरिसचा आवाज अप्रतिम आहे.