पाळी बदलताना

कतारच्या दोहा शहरात १९९६ साली अल जझीरा वाहिनी सुरू झाली. २००६ मध्ये तिची इंग्रजी वाहिनी निघाली, तेव्हा दोहा, क्वालालंपूर, लंडन आणि वॉशिंग्टन ही चार केंद्रे आळीपाळीने बातम्या देत. एकाने काम दुसऱ्याच्या हाती सोपवायचे, अगदी आम्हा नर्सांसारखे!

एकदा पाळी बदलताना मी "औषध दिलंय" एवढंच म्हटलं. कोणतं, किती वाजता, ते राहिलं. दुसरी सिस्टर तेच पुन्हा देणार, तेवढ्यात पेशंटनेच तिचा हात धरला. तेव्हापासून मी समोरच्याकडून निरोप परत म्हणवून घेई.

बातम्यांच्या साहेबानेही "समजलं का?" न विचारता "काय समजलं?" असे विचारावे. मुलांनो, आजीचा निरोप तुम्हीही परत म्हणून दाखवा बरं!