मांद्र्याचे भाऊ आणि जुनागढचे पंडित

परदेशात संशोधन करणाऱ्या आपल्या मुलांच्या फोनवर एक शब्द हटकून येतो, 'गाइड'. गाइड चांगला मिळाला तर सगळे सुरळीत, नाहीतर घरच्यांनाही झोप नाही. या नात्याची एक जुनी गोष्ट आपल्या पेडण्यापासून सुरू होते.

पेडणे, डिचोली हे नव्या काबिजादीतले महाल. त्यातल्या मांद्रे गावी १८२२ साली भाऊ दाजी लाड जन्मले. बुद्धिबळातली त्यांची चमक पाहून एका इंग्रजाने वडिलांना सुचवले, मुलाला इंग्रजी शिकवा, असे सांगतात. पुढे ते मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि १८५१मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाले. रोगी तपासून उरलेला वेळ शिलालेख आणि नाणी यांना.

१८६०च्या दशकात त्यांच्याकडे जुनागढचे तरुण भगवानलाल इंद्रजी आले. इंग्रजी बेताचेच, पण गिरनारच्या खडकावरची ब्राह्मी लिपी त्यांनी स्वतः धडपडून वाचायला शिकलेली. भाऊंनी त्यांना काम दिले, प्रवासाचा खर्च दिला. पंडित लेण्यांतून, डोंगरांतून फिरून लेखांच्या नकला आणत. निबंध मात्र भाऊंच्या नावाने छापले जात. त्या काळी तशीच रीत होती; आज वाचताना मनात प्रश्न येतोच.

पंडित नेपाळच्या प्रवासावर असताना, त्याच सुमारास, १८७४मध्ये भाऊ गेले. आधार तुटला, पण शिकलेले कुठे जाणार? शिक्षण खात्यातले जर्मन पंडित जॉर्ज ब्यूलर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. नेपाळचे शिलालेख १८८०मध्ये प्रसिद्ध झाले. लिहिले भगवानलालांनी, गुजरातीत. इंग्रजी भाषांतर ब्यूलर यांचे. दोघांचीही नावे स्पष्ट छापलेली. पुढे हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने भगवानलालांना सन्मान्य डॉक्टरेट दिली.

एकाने संधी दिली, दुसऱ्याने नाव. दोन्ही लागतात. म्हणून तरुण मित्रांनो, परदेशी टीममध्ये काम सुरू करतानाच मोकळेपणाने विचारा, लेखावर कोणाकोणाची नावे येणार? यात उद्धटपणा नाही. आणि उद्या तुम्ही गाइड झालात, तर हे विचारायची वेळ तुमच्या विद्यार्थ्यावर येऊ देऊ नका.

भायखळ्याच्या राणीच्या बागेतले संग्रहालय १९७५पासून भाऊंच्या नावाने ओळखले जाते. मुलांना घेऊन गेलात, तर पंडितांचेही नाव सांगा.