अंडं हवंच, पण शिजलेलं!

नागपूरकरांना अंड्याचं वावडं नाही. सावजी अंडाकरी असो की थंडीत चौकातल्या हातगाडीवर मिळणारी उकडलेली अंडी, आपण आवडीने खातो. पण अलीकडे अंडं वेगळ्याच रूपात घरात शिरलं आहे. मोमोसोबतची पांढरी चटणी, सँडविचमधलं मेयोनीज, न भाजता केलेली पुडिंग. यात अंडं दिसत नाही आणि बरेचदा ते शिजलेलंही नसतं. काळजी घ्यायची ती इथेच.

मेयोनीज म्हणजे कच्च्या अंड्याचा बलक तेल आणि लिंबू किंवा व्हिनेगरसोबत घुसळून केलेली दाट चटणी. ती गॅसवर चढतच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये शेजारच्या हैदराबादला मोमो खाल्ल्यानंतर एका महिलेचा मृत्यू झाला, अनेकजण आजारी पडले. त्यानंतर तेलंगणा सरकारने कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली. केरळने जानेवारी २०२३ मध्येच अशी बंदी घातली होती. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूनेही वर्षभरासाठी तोच निर्णय घेतला.

यातला मुख्य गुन्हेगार म्हणजे साल्मोनेला हा जीवाणू. तो कोंबडीच्या विष्ठेतून कवचावर येतो. कधी कधी तर कोंबडीच्या पोटात अंडं तयार होतानाच आत शिरतो. त्यामुळे वरून स्वच्छ दिसणारं, वास नसलेलं अंडंही दूषित असू शकतं. अशी अंडी थोडीच असतात. पण पन्नास अंडी एकाच भांड्यात फोडली, तर त्यातलं एक सगळ्या मिश्रणाला बाधतं. म्हणूनच कारखान्यात अंड्याचा द्रव ठरावीक तापमानाला तापवून जंतुमुक्त करतात.

तिथेही निष्काळजीपणा महागात पडतो. १९९४ मध्ये अमेरिकेत ज्या टँकरमधून कच्च्या अंड्यांचा द्रव नेला, त्यातूनच पुढे आइस्क्रीमचं तयार मिश्रण नेलं गेलं. सुमारे सव्वादोन लाख लोक आजारी पडले, असा तपास करणाऱ्यांचा अंदाज होता. आपल्या ओट्यावर याहून वेगळं काय घडतं? अंडं फेटलेल्या वाडग्यातच कोशिंबीर कालवली, की झालं!

त्यात आपला उन्हाळा. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू वाढतात आणि पोषक वातावरणात दर वीस-एक मिनिटांनी दुप्पट होतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना गाडीवर उघडी ठेवलेली मेयोनीजची बाटली म्हणजे जंतूंना आयतंच माहेर!

‘लिंबू पिळलं की जंतू मरतात’, ‘फ्रिजमध्ये ठेवलं की काही होत नाही’, असं आपण म्हणतो. पण लिंबाचा भरवसा नाही आणि फ्रिज जंतूंची वाढ मंदावतो, त्यांना मारत नाही. मारते ती आच.

एवढं लक्षात ठेवा

* अंड्याचा पांढरा आणि पिवळा, दोन्ही भाग घट्ट होईपर्यंत शिजवा. लहान मुलं, गर्भवती आणि वृद्धांना वाहतं हाफफ्राय देऊ नका.
* तडकलेली, घाण लागलेली अंडी घेऊ नका. अंडी धुऊन साठवू नका, कवचावरचा संरक्षक थर जातो.
* अंडं फोडल्यावर हात, वाडगा आणि ओटा साबणाने धुवा.
* अंड्याचे शिजवलेले पदार्थही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नकोत. कडक उन्हाळ्यात तासाभरातच संपवा.
* मेयोनीज बंद बाटलीतलं घ्या. लेबलवर चौदा आकडी परवाना क्रमांक आणि तारीख पाहा. हिरवं चिन्ह असेल तर त्यात अंडं नाही. उघडल्यावर बाटली फ्रिजमध्येच ठेवा.

दूषित पदार्थ खाल्ल्यावर साधारण सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत जुलाब, ताप, उलट्या, पोटात कळा सुरू होऊ शकतात. ओआरएस द्या. शौचातून रक्त पडलं, ताप उतरेना किंवा मूल मलूल झालं, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा. जुलाब थांबवणारी गोळी मनाने देऊ नका.

अंड्यावर रागावण्याचं कारण नाही, मैत्रिणींनो. एवढ्या कमी पैशांत इतकी चांगली प्रथिनं दुसरीकडे कुठे मिळतात? फक्त खाण्याआधी दोन प्रश्न विचारा. हे शिजलंय का? आणि किती वेळ बाहेर होतं? गाडीवाल्या दादालाही विचारा, त्यात लाज कसली!