रागाचं चित्र, छापील स्वर

भोपाळच्या वायव्येला असलेल्या नरसिंगगडला माधोदास या चित्रकाराने 1680 मध्ये एक रागमाला रंगवली. सपाट गडद रंग, मोजक्या आकृत्या आणि माथ्यावरच्या पट्टीत रागाचं पद्य अशी ही माळव्याची शैली. राग दिसतो कसा, ते चित्र सांगतं. तो गायचा कसा, याबद्दल पानावर अवाक्षर नाही. ते काम गुरूच्या गळ्याचं.

त्याच सुमारास युरोपात चित्र आणि स्वर एकाच पत्र्यावर कोरले जात होते. खिळे जुळवून स्वरलिपी छापली की तिच्या पाच रेघा जागोजाग तुटत. रोममध्ये सिमोने वेरोव्हिओने 1586 मध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं संगीत छापलं आणि ही अडचण सुटली. स्वर, शब्द, वेलबुट्टी, सगळं एकाच कोरणीने होऊ लागलं. फक्त कारागिराला सारं उलटं कोरावं लागे. याचा कळस म्हणजे लंडनच्या जॉर्ज बिकहॅमचं 'म्युझिकल एंटरटेनर' (1737–39). पानाच्या माथ्यावर बाग, प्रेमी युगुल किंवा शिकारीचा देखावा, त्याखाली चाल आणि कडवी आणि तळाशी बासरीसाठी तीच चाल.

धंद्याचं गणित मात्र एव्हाना बदलत होतं. मऊ कथिली पत्र्यावर ठशांनी स्वर ठोकणं स्वस्त पडू लागलं आणि चित्र मुखपृष्ठापुरतं उरलं. लंडनचा प्रकाशक जॉन वॉल्श तर एकच नक्षीदार मुखपृष्ठ वेगवेगळ्या संगीतकारांना वापरी. मधल्या मोकळ्या जागेतलं नाव तेवढं बदलायचं!

मराठी मुलखाला हे तंत्र अगदीच परकं नव्हतं. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात एका तांबटाला तांब्यावर देवनागरी अक्षरं कोरण्याच्या कामाला लावलं होतं. पुढे त्याच धाग्यातून 1805 मध्ये मिरजेला गीता छापली गेली. म्हणजे हात होता, पत्रा होता. कोरायला रूढ स्वरलिपी मात्र नव्हती, कारण तिची गरजच कुणाला वाटत नव्हती.

ती वाटू लागली तोवर छपाई बदलली होती. शिळाप्रेसचा जन्मही संगीताशी जोडलेला: 1796 मध्ये म्युनिकला सेनेफेल्डरने दगडावरून ग्लाइस्नर या संगीतकाराची गीतं छापली. आपल्याकडे या दगडावर गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये पंचांग काढलं आणि शतकाच्या अखेरीस रविवर्म्याच्या छापखान्यातून वीणा घेतलेली सरस्वती घरोघरी गेली. वीणा छापली गेली. ती वाजवायची कशी, ते नाही.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा त्यांना हवी होती ती शिकवायची पुस्तकं. संगीतपंडित भातखंड्यांची क्रमिक पुस्तकमालिका अशीच, सहा भागांची. तिच्या लिपीत 'सा रे ग म' ही साधी अक्षरं; मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब, कोमलाला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. म्हणजे काम कोरक्याचं नव्हे, जुळाऱ्याचं. विद्यार्थ्याला परवडेल अशा या पुस्तकात नक्षीला जागा नव्हती आणि घराण्यांनी जपलेल्या बंदिशी तिथे कुणालाही वाचता येत होत्या. तो साधेपणा मला उणीव वाटत नाही. नक्षीचा खर्च वाचला, तो वाचकांच्या पदरात पडला.

चित्राची हौस मग दुसरीकडे फिटली. सिनेमाच्या गाण्यांच्या पुस्तिकांवर नायक-नायिका आले. आत कथासार आणि गाण्यांचे शब्द. चाल ज्याने त्याने कानात ठेवायची. रागमालेचीच ही वाटणी, फक्त आता छापील.

भोपाळमध्ये आज दोन्ही परंपरा शेजारी आहेत. 1982 मध्ये उघडलेल्या भारत भवनात छापचित्रांची कार्यशाळा आहे, तर 1981 मध्ये सुरू झालेल्या ध्रुपद केंद्रात झिया फरीदुद्दीन डागरांनी शिष्य घडवले, तेही समोर बसवून. बंदिश आणि चित्र एकाच पत्र्यावर कोरायला आता तंत्राची अडचण नाही. पण ते पान शिकण्यासाठी नसेल, भिंतीवर लावण्यासाठी असेल. आपल्याकडे चित्र रागाची ओळख करून देतं आणि लिपी त्याची आठवण ठेवते. राग मात्र अजून समोर बसूनच शिकावा लागतो.