गच्चीवरचा अभ्यास आणि रसायनशास्त्राचा पेपर

परीक्षा जवळ आली, की मुंबईच्या उपनगरांत संध्याकाळी एक दृश्य हमखास दिसते. मुलुंडच्या एखाद्या इमारतीची गच्ची, घाटकोपरच्या चाळीतील जिना, अंधेरी-बोरिवलीकडे एखाद्या मंडळाने चालवलेली अभ्यासिका. जिथे दिवा आहे आणि घरातला गोंगाट पोचत नाही, तिथे तीन-चार विद्यार्थी पुस्तके घेऊन बसलेले असतात. वडीलधारी मंडळी मात्र साशंक. "चौघे एकत्र आले, की अभ्यास कसला, गप्पाच!" असे त्यांचे म्हणणे. विद्यार्थी मित्रांनो, त्यांचे म्हणणे कितपत खरे आहे, ते आपण एक रासायनिक समीकरण हाती घेऊनच पाहू या.

दहावीच्या धातुविज्ञानात थर्मिट अभिक्रिया येते. तुमच्यापैकी एकाने ती पाठ केली आहे. तो घडाघडा म्हणतो, "फेरिक ऑक्साइड आणि ॲल्युमिनियम यांच्यापासून लोखंड आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड तयार होते व मोठ्या प्रमाणावर उष्णता बाहेर पडते." छान! गुण मिळाले. पण शेजारी बसलेली मैत्रीण विचारते, "ॲल्युमिनियमने लोखंडाकडून ऑक्सिजन घेतलाच कसा?" आता पाठांतर उपयोगी पडत नाही. धातूंची क्रियाशीलतेची श्रेणी आठवावी लागते. ॲल्युमिनियम श्रेणीत लोखंडाच्या वर आहे, म्हणजे ऑक्सिजनशी त्याची ओढ अधिक. बाहेर पडणाऱ्या उष्णतेने तापमान २००० अंश सेल्सियसच्या वर जाते. लोखंड तर १५३८ अंशांलाच वितळते. म्हणून ते रसरूपात मिळते. ॲल्युमिनियम ऑक्साइड हलके असल्यामुळे मळीसारखे वर तरंगते आणि मुशीच्या तळातून वितळलेले लोखंड साच्यात उतरवता येते. रुळांची दोन टोके याच रीतीने जोडतात. तुम्ही ज्या लोकलने शाळेत किंवा मामाकडे जाता, तिच्या खालच्या रुळांतही असे सांधे आहेत. (ही अभिक्रिया गच्चीवर करून पाहण्याची नाही, हे सांगायला नकोच.)

एवढ्यावर सुटका होईल असे वाटत असतानाच तिसरा मित्र विचारतो, "ॲल्युमिनियम लोखंडाहून क्रियाशील ना? मग आईचे ॲल्युमिनियमचे पातेले गंजून का जात नाही? लोखंडी तवा तर गंजतो!"

पुष्कळदा चौघेही इथे गप्प होतात. उत्तर असे, की पातेले हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतेच आणि तेही चटकन. पण त्यामुळे तयार होणारा ऑक्साइडचा थर धातूला घट्ट चिकटून बसतो. तो मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाहूनही पातळ असतो, तरी आतल्या धातूपर्यंत हवा पोचू देत नाही. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र व ठिसूळ असतो. त्याचे पापुद्रे सुटतात आणि आतले लोखंड पुन्हा उघडे पडते. मग चिंच-कोकम घातलेले पदार्थ ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नयेत असे आजी का म्हणते? कारण आम्लामुळे तो संरक्षक थर विरघळू लागतो. आणि पितळेच्या भांड्याला कल्हई कशासाठी करत? एका समीकरणावरून निघालेली गोष्ट पाहता पाहता स्वयंपाकघरात येऊन पोचली! एकट्याने वाचताना हे प्रश्न आपण आपल्याला सहसा विचारत नाही. समजले नाही तरी डोळे पुढच्या ओळीवर सरकतात. समोरचा माणूस मात्र तसा सरकू देत नाही.

ही युक्ती काही आजची नव्हे. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत मोठी मुले धाकट्यांकडून पाढे म्हणवून घेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री मद्रासमधील अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख होता. एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना त्याने पाहिली. आपल्या शाळेतही तसे करावे असे त्याला वाटले. पण शिक्षक राजी होईनात. तेव्हा त्याने ते काम एका विद्यार्थ्यावरच सोपवले आणि ते उत्तम जमले. १७९७ मध्ये त्याने ही हकिकत लंडनला छापली. पुढे इंग्लंडमधल्या कितीतरी शाळांत 'मद्रास पद्धत' या नावाने ती चालू झाली.

यामागचे कारण अलीकडच्या प्रयोगांतून अधिक स्पष्ट झाले आहे. २००६ साली रोडिगर व कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना काही उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले. काहींनी पुस्तक मिटून आठवतील तसे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली, तेव्हा मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी बाजी मारली. मित्राला समजावून सांगणे म्हणजे पुस्तक मिटून आठवणेच नाही का?

दुसरे कारण भाषेचे. आपल्या मुंबईतच १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. आज ते घाटकोपरपासून फार दूर नसलेल्या मानखुर्दला आहे. त्याचे संस्थापक-संचालक व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महानगरपालिकेच्या शाळांमध्ये काम करताना पाहिले, की पुष्कळ मुलांना विज्ञान अवघड जात नाही, विज्ञानाच्या पुस्तकातली भाषा अवघड जाते. 'क्षपण' हा शब्द पाहून कोण दचकत नाही? पण मैत्रीण म्हणते, "अरे, ऑक्सिजन काढून घेतला की क्षपण," आणि काम होते. शिवाय हल्ली एकाच इमारतीत एक जण मराठी माध्यमाचा, दुसरी सेमी-इंग्रजीची. तो म्हणतो 'क्षपण', ती म्हणते 'रिडक्शन'. दोघांना एकमेकांचे शब्द समजावून घ्यावे लागतात आणि त्यात कल्पना आपोआप घासूनपुसून लख्ख होते.

मग धोका कसलाच नाही काय? आहे, आणि तो गप्पांपेक्षा मोठा आहे. हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्यापासून पाणी होण्याचे समीकरण घ्या. उजवीकडे ऑक्सिजनचा एक अणू कमी पडतो. गटातला हुशार म्हणून नावाजलेला मित्र पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या पायाशी २ लिहून मोकळा होतो. अणूंची बेरीज जुळली! सगळे माना डोलावतात. पण आता ते पाणी राहिलेच नाही. ते हायड्रोजन पेरॉक्साइड झाले, औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी मिळते ते. सूत्राच्या पायाशी असलेला अंक पदार्थ कोणता ते सांगतो, त्याला हात लावायचा नाही. बदलायचा तो सूत्राच्या आधीचा अंक: हायड्रोजनचे २ रेणू, ऑक्सिजनचा १, पाण्याचे २. चूक एकाची, पण पेपरात ती चौघांच्याही उतरेल.

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझुर यांनी १९९१ पासून वर्गात यावर एक साधा उपाय वापरला. प्रश्न दिला, की आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर नोंदवायचे. मगच शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे. काहींचे बरोबर आणि काहींचे चूक असते, तेव्हाच चर्चेला रंग चढतो. आमच्या मते शिक्षकांनी शेवटच्या आठवड्यातली एखादी तासिका यासाठी जरूर द्यावी. आणि चौघांचेही उत्तर एकच आले, तरी पुस्तक उघडून पाहावे.

आता थर्मिटचेच एक गणित. फेरिक ऑक्साइडचा एक मोल आणि ॲल्युमिनियमचे दोन मोल, म्हणजे १६० ग्रॅम आणि ५४ ग्रॅम, घेतले तर ११२ ग्रॅम लोखंड आणि १०२ ग्रॅम ॲल्युमिनियम ऑक्साइड मिळते. दोन्ही बाजूंची बेरीज २१४ होते, हे ताडून पाहा. तर मग रुळांच्या सांध्यांसाठी ५६ किलोग्रॅम लोखंड हवे असेल, तर ॲल्युमिनियम किती लागेल? आणि त्याऐवजी तांब्याची भुकटी वापरली तर काय होईल? आज संध्याकाळी गच्चीवर चौघांनी चार कागदांवर उत्तरे लिहा. कागद उलटे ठेवा आणि सर्वांचे लिहून झाल्यावर एकदमच उघडा.