शहरातलं भाड्याचं घर आणि आपला कागद

आपल्या गटांतल्या कितीतरी जणींची मुलं नोकरीसाठी मुंबईला गेली आहेत. मुलगा-सून आणि दीर-जाऊ मिळून, नाहीतर चौघी मुली मिळून टू बीएचके भाड्याने घेतात. टू बीएचके म्हणजे दोन बेडरूम, हॉल आणि स्वयंपाकघर. राहतात ती मुलं, पण डिपॉझिटचे पैसे पुष्कळदा गावातून जातात. कुणी गटाचं कर्ज काढते, कुणी दागिने गहाण ठेवते. म्हणून हा विषय आपलाही आहे.

उदाहरण दहिसरचं घेऊ. पश्चिम रेल्वेवर मुंबईच्या हद्दीतलं हे शेवटचं स्टेशन. चेकनाका ओलांडला की मीरा-भाईंदर महापालिका आणि ठाणे जिल्हा सुरू होतो. एजंट "दहिसरलाच आहे" म्हणाला, तरी पत्ता नीट वाचा. घर पूर्वेला की पश्चिमेला, स्टेशनला चालत जाता येतं का, पाणी किती वाजता येतं, हे जाऊन बघा. दलाली बहुधा एका महिन्याच्या भाड्याइतकी असते. ती आधीच ठरवा.

आता मुख्य गोष्ट. "अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला?" असं सर्रास सांगतात. हे चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999, कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

खर्च किती? समजा भाडं 30,000, डिपॉझिट 1 लाख, मुदत 12 महिने. वर्षाचं भाडं 3,60,000. त्यात डिपॉझिटचे वर्षाला दहा टक्के, म्हणजे 10,000 मिळवा. झाले 3,70,000. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे 925 रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. करार करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. लाखाच्या डिपॉझिटपुढे हा खर्च किती लहान, बघा.

काही जण 'हेवी डिपॉझिट' सुचवतात. भाडं नाही किंवा नावाला, पण काही लाख एकदम द्यायचे. ऐकायला स्वस्त वाटतं. पण मालकाने ते पैसे दुसरीकडे गुंतवले, तर घर सोडताना हातात काय येणार? कमी डिपॉझिट आणि दरमहा भाडं यातच जोखीम कमी.

करारात चार गोष्टी बघा. डिपॉझिटचा आकडा पूर्ण लिहिला आहे ना? पैसे बँकेतून दिल्याची नोंद आहे ना? परत कधी मिळणार, ते लिहिलं आहे ना? आणि राहणाऱ्या बाईचं नाव करारात आहे ना? नुसतं नवऱ्याचं नाव असेल आणि उद्या काही बिनसलं, तर डिपॉझिट मागायला तिच्या हातात कागदच नसतो.

एक सावधगिरी आपल्यालाही. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर कलम 24 प्रमाणे दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. तारीख लक्षात ठेवा, नवा करार वेळेत करा.

पुढच्या बैठकीत एक काम करू. ज्यांची मुलं शहरात भाड्याने राहतात, त्यांनी कराराची प्रत मागवून घ्यावी आणि त्यावर नोंदणीचा दस्त क्रमांक आहे का, ते सगळ्यांनी मिळून बघावं.